चार रंगांचा पदर

आधी ओरडायचं आणि मग विचारायचं, हा माझा जुना स्वभाव. सोलापुरात साखर पेठेत माहेरी होते तेव्हाही तो तसाच होता, आणि लग्न करून आंध्रातल्या धर्मवरमला आले त्याला तीस वर्षं झाली तरी इथल्या पाण्यानंही तो बदलला नाही. आमचे हे म्हणतात, "सुगुणा, तुझा आवाज चार मागांच्या वर जातो." चार माग धडधडणाऱ्या घरात राहून तो खाली कसा जाईल, ते त्यांनीच सांगावं.

पण त्या बुधवारी इरन्नावर ओरडले, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

इरन्ना आमचा ग्राफवाला. रेशमी साडीच्या काठापदरावर जी नक्षी येते ती आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावी लागते. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात, आणि जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. सव्वीस वर्षं इरन्नाने आमच्याकडे हेच केलं. ब्रश ओठांत धरून टोक काढायचं, मान वाकडी करायची, आणि हजारो घरं अशी भरायची की एक इकडचं तिकडे नाही. त्याच्या कागदात चूक काढीन म्हणून मी नव्या मालकिणीच्या उत्साहात भिंग घेऊन बसले होते एकदा. तासाभरात भिंग ठेवून दिलं.

दोन वर्षांपूर्वी पट्ट्या पाडणाऱ्यांनी कागद घेणं बंद केलं. "फाइल आणा," म्हणायला लागले. मग मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला. इरन्ना महिनाभर त्याच्या शेजारून जाताना अंग चोरून जायचा. एक दिवस आपणहून खुर्ची ओढून बसला. मी त्याला एकदाच दाखवलं.

"हे बघा इरन्ना, या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, की तुमचा ग्राफ उघडतो. डावीकडे रंग, मधे घरं. बाकी कुठे बघायचंच नाही."

त्याने मान हलवली आणि खरोखरच बाकी कुठे बघितलं नाही. उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, त्याचा हात त्यावर असा बसला की मला काही विचारायची वेळ त्याच्यावर येईना. मी माझ्या फाइलींना नावं देते, 'हंस पदर', 'आंबा काठ' अशी. तो नुसते आकडे घाली, जुन्या कागदांवरचेच पुढे चालू. चारशे दहा, चारशे अकरा. मला वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे.

चारशे बारा हा लेपाक्षीच्या देवळातल्या खांबांवरच्या वेलींचा पदर. लाल, सोनेरी, हिरवा आणि काळा, मोजून चार रंग. त्याला बावीस दिवस लागले. शनिवारी सकाळी येऊन त्याने तो पुन्हा एकदा पाहिला, "झालं, अम्मा," म्हणाला, आणि मी पेनड्राइव्हवर घेऊन पट्ट्या पाडणाऱ्या मस्तानवलीकडे पाठवून दिला. त्यानंतर सोमवारी, मंगळवारी इरन्ना कॉम्प्युटरसमोर जरा बसायचा आणि उठायचा. डोळे दुखतात म्हणायचा आणि आत जाऊन तुटलेले धागे जोडत बसायचा. बावीस दिवस काम केलंय, दुखत असतील, म्हणून मी गप्प राहिले.

बुधवारी सकाळी मस्तानवलीचा फोन आला.

"अक्का, हा पदर आहे की सांडलेलं सरबत?"

"का रे बाबा?"

"तुम्ही चार रंग म्हणालात. माझं मशीन म्हणतंय चार हजार. लाल आणि सोनेरीच्या मधे दहा तऱ्हेचे नारिंगी, काळ्याच्या कडेला राखाडी. आता भोक कुठे पाडू आणि कुठे नको? की मशीनलाच विचारू, तुला काय आवडेल म्हणून?"

मी फाइल उघडून बघितली. लांबून पदर छान दिसत होता, नको इतका छान, लोणी फिरवल्यासारखा. जवळ आणला तर एकाही घराला कड उरली नव्हती. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तेच कळेना. मागावर लाल ताणा चढवून तयार होता. लग्नसराई तोंडावर आली होती. माझं डोकं सणकलं.

इरन्ना कोपऱ्यात बशीतली चुरमुऱ्यांची उग्गाणी खात होता, हातात मिरचीची भजी.

"इरन्ना, हे काय करून ठेवलंत?" मी सुरू झाले. "बावीस दिवस घालवून हा चिखल? सव्वीस वर्षं काम करता आणि चार रंग सांभाळता येत नाहीत? जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतं, मी दुसरा माणूस बघितला असता!"

आतले माग थांबले. चौघेही विणकर दारात येऊन उभे राहिले. इरन्नाने भजी बशीत ठेवली, आणि पडद्याजवळ येऊन पाहिलं.

"मी फक्त आडवा करून बघितला, अम्मा," तो म्हणाला.

"आडवा केला म्हणून असा चिखल होतो?"

त्याने बशी उचलून ठेवली. हात पुसले, चपला घातल्या आणि गेला.

गुरुवारी तो आला नाही. दुपारी एका विणकराने बातमी आणली की इरन्ना बंगळूरला चाललाय. त्याचा मुलगा भूषणम तिथे लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने एका मोठ्या बिल्डिंगमध्ये बापासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती, वर्षभर मागे लागला होता, आणि काल रात्री बापाने फोनवर एकदम हो म्हटलं. रविवारी भूषणम त्याला न्यायला येणार.

"जाऊ दे," मी म्हटलं. "खुशाल जाऊ दे."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय बोललीस त्याला?"

"खरं तेच बोलले."

"किती मोठ्याने?"

मी उठून आत गेले.

शुक्रवारी सकाळी मीच तो पदर नीट करायला बसले. तेवढं मला येतं असा माझा समज होता. चारशे बारावर दोनदा टिचकी मारली, आणि समोर काळी खिडकी उघडली. घरं नाहीत, रंग नाहीत. चित्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पसरलेलं आणि खाली लहान लहान खुणा: कात्री, हृदय, चकाकता तारा, गोल वळलेला बाण. चारशे अकरा उघडली, तेच. जुनी तीनशे अठ्ठ्याण्णव उघडली, तेच. बुधवारी रागाच्या भरात मी याच खिडकीत पदर पाहिला होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि मग आठवलं.

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी, इरन्ना घरी गेल्यावर, हिंदूपूरच्या एका व्यापाऱ्याला साड्यांचे फोटो पाठवायचे होते. फोटो अंधारलेले आले होते. म्हणून मी फोटो उजळ करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. पहिल्यांदा उघडताना त्याने विचारलं होतं की, यापुढे सगळी चित्रं मीच उघडू का? नेहमीसाठी? मी घाईत होते. चौकटीत बरोबरची खूण केली आणि हो म्हणून मोकळी झाले. आमचे पदर, काठ, बुट्टे हीसुद्धा कॉम्प्युटरच्या लेखी चित्रंच. त्या क्षणापासून घरातला प्रत्येक ग्राफ त्या काळ्या खिडकीच्या ताब्यात गेला.

शनिवारी इरन्नाने टिचकी मारली असणार, आणि हे उघडलं असणार. आणि त्याने काय केलं असेल तेही मला दिसलं. इथला कुठलाही ग्राफवाला पदर पूर्ण झाला की कागद गर्रकन फिरवून आडवा धरतो, कारण मागावर बसलेल्या विणकराला पदर आडवा दिसतो. तसा आडवा बघितल्याशिवाय हातावेगळा करायचाच नाही, ही इथली रीत. त्याला गोल बाण दिसला, त्याने दाबला. पदर फिरला. बंद करताना प्रोग्रॅमने सुंदर करून ठेवू का म्हणून विचारलं, आणि त्याने त्यातलं ठळक बटण दाबलं. झालं.

मी चपला शोधायलाही थांबले नाही, ह्यांच्याच घालून निघाले.

इरन्नाचं घर तळ्याच्या बाजूला. तो ओट्यावर बसून पत्र्याची पेटी सुतळीने बांधत होता.

"चूक माझी होती," मी उभ्या उभ्या म्हटलं. "मी तो प्रोग्रॅम घातला, मीच त्याला सगळं उघडायला सांगितलं, आणि वर तुम्हालाच चारचौघांत बोलले. माझं चुकलं, इरन्ना."

त्याने सुतळीची गाठ मारली. "बसा, अम्मा. उन्हातून आलात."

"बसत नाही. आधी पेटी सोडा."

"चूक तुमची होती, मान्य. पण दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने काय केलं असतं? वर काहीतरी लिहिलेलं असतंच ना. ते वाचून आपला ग्राफ शोधून काढला असता."

"मग तुम्ही का नाही शोधलात? निदान मला हाक मारायची!"

"हाक मारली असती तर तुम्ही म्हणाला असतात, वर लिहिलंय ते वाचा." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मला वाचता येत नाही, अम्मा. आकडे येतात. अक्षरं नाहीत. आमच्या घरात सहाव्या वर्षी पोराला धाग्याच्या कांड्या भरायला बसवायचे. तेलुगूही येत नाही, तर ते इंग्रजी कुठून?"

सव्वीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून काम करत होता. आणि त्याच्या फाइलींचे आकडे बघून मी शिस्तीचा म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

"तुम्ही दोन टिचक्या दाखवल्यात," तो म्हणाला, "त्या दोन टिचक्यांवर माझं सगळं चाललं होतं. त्या दिवशी टिचकी मारली तर भलत्याच कुणाचा कागद उघडला. तीन दिवस मारून पाहिली. म्हटलं, संपलं आपलं."

"आणि बंगळूरला? तिथे वॉचमनला वही लिहावी लागते. कोण आलं, कुणाकडे आलं."

"तिथे कुणी ओळखीचं नाही. लाज गेली तर परक्यांपुढे जाईल."

"भूषणमला माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

मी ओट्यावर बसले. "तो रविवारी येणार ना? दोन दिवस आहेत. चिखल मी केलाय, पण तो निवडायचा कसा ते तुम्हालाच येतं. तेवढं करून द्या. मग जायचंच असेल तर मी स्वतः बसस्टँडवर पेटी घेऊन येते."

त्याने पेटी भिंतीशी सरकवली. मग उठला. "आधी पायातल्या चपला बदला," म्हणाला. "लोक काय म्हणतील, अम्मांनी साहेबांना अनवाणी ठेवलं."

आमच्या पुढच्या खोलीत आल्यावर मी माऊस हातात घेणार होते, पण थांबले. मीच केलं असतं तर पुन्हा कुणी बिघडवलं की हा पुन्हा पेटी बांधणार.

"तुम्ही धरा," मी म्हटलं. "फाइलीवर नेहमीची टिचकी नाही, उजव्या बाजूची. आली यादी? वरून दुसरी ओळ. आता बाजूला जे उघडलं त्यातली सगळ्यात खालची."

मोजण्यात त्याचा हात कोण धरणार! एक छोटी खिडकी उघडली, तिच्यात प्रोग्रॅमची चित्रं एकाखाली एक.

"ही निळी रीळ आपल्या ग्राफची," तो लगेच म्हणाला. "आणि हा तारा तुमचा."

"माझा नका म्हणू त्याला. रिळीवर टिचकी मारा. आता खाली बघा, एक रिकामी चौकट आहे."

"तिचं काय?"

"ती भरली की नेहमीसाठी रिळीतच उघडणार. रिकामी ठेवली तर फक्त या वेळेपुरतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इतके दिवस त्याच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं. "भरलेलं घर आणि रिकामं घर? एवढंच?"

"एवढंच."

त्याने चौकट भरली. मग चारशे अकरावर दोनदा टिचकी मारली. ग्राफ उघडला, डावीकडे रंग, मधे घरं. इरन्ना मोठ्याने हसला. मी त्याला इतक्या मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मी त्याच्या हातातून माऊस घेतला आणि मुद्दाम सगळं परत बिघडवलं. "करा आता."

त्याने केलं. मी पुन्हा बिघडवलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "अम्मा, तुम्हाला बिघडवायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात मी नीट करतो."

मग त्यानेच विचारलं, साड्यांचे फोटो कशात उघडायचे? त्यांना ताराच बरा. पण फोटो कुठला आणि ग्राफ कुठला, हे नुसत्या नावावरून कसं ओळखायचं? मी त्याला नावामागची शेपटी दाखवली. ग्राफच्या शेपटीला बीएमपी असतं. त्याने पडद्याला नाक लावून पाहिलं.

"दोन पोटांचं एक, मग दोन डोंगर, मग एका पोटाचं," तो म्हणाला. "ही शेपटी दिसली की रीळ. दुसरी दिसली की तारा." आणि जुन्या कागदाच्या मागे त्याने ती तीन अक्षरं ब्रशने काढली, इतकी सुरेख की माझी मला लिहिता यायची नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अक्षरं लिहिली होती, आणि ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

पदर मात्र एका खुणेने परत येणारा नव्हता. आधी सगळे रंग दाबून चारवर आणले, मग प्रत्येक कड घरागणिक नीट करायची. कुठलं घर लाल होतं आणि कुठलं सोनेरी, हे फक्त इरन्नाच्या डोक्यात होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी कॉफी पुढे ठेवायची आणि ती तशीच थंड व्हायची.

रविवारी माग बंद होते. इरन्नाच्या शेवटच्या काही ओळी उरल्या होत्या तेवढ्यात भूषणम आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग, हातात बापाची पेटी.

"काय अम्मा, जायच्या दिवशीही माझ्या बापाला सोडत नाही तुम्ही?" तो हसत म्हणाला. "नायना, चला. दोनची बस आहे."

"हे एवढं होऊ दे."

भूषणम स्टूल ओढून बापाशेजारी बसला. मग माझ्याकडे वळून कौतुकाने सांगू लागला, "काम एकदम सोपं आहे, अम्मा. सावलीत खुर्ची, वर पंखा. कुणी आलं की वहीत नाव लिहायचं, कुणाकडे आलाय ते लिहायचं, बास. इथे डोळे फोडण्यापेक्षा बरं."

इरन्नाचा हात माऊसवर थांबला. मी उगाच टेबलावरची धूळ पुसायला लागले. त्याने काही बोलू नये असंही वाटत होतं आणि बोलावं असंही.

"भूषणम," तो म्हणाला, "मला लिहिता येत नाही."

"म्हणजे?"

"अक्षरं येत नाहीत. ना वाचता, ना लिहिता. कधीच येत नव्हती."

भूषणमने आधी हसून माझ्याकडे पाहिलं, थट्टा असेल म्हणून. मग त्याचा चेहरा उतरला.

"मग सातवीचं माझं प्रगतिपुस्तक?" तो म्हणाला. "मी दुसरा आलो म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही ते माझ्या दप्तरातून काढून केवढा वेळ बघत होतात."

"बघत होतो. आकडे होते, कुठला कशाचा ते कळत नव्हतं."

"नायना, मी गणितात नापास झालो होतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे? तुम्ही गल्लीभर बुंदी वाटलीत! हेडमास्तरांच्या घरी जाऊन दिलीत! त्यांनी ती खाल्ली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आठ दिवस शाळेच्या मागच्या दाराने जात होतो!"

"दुसरा आलेला पोरगा घरी पळत येतो," इरन्ना म्हणाला. "तू तळ्याला वळसा घालून आलास."

"मग बुंदी कशाला वाटली?"

"न वाटून काय करणार? खोटं का बोललास म्हणून विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मग वाचून बघा."

भूषणम उठला आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर त्याने तो घेतला आणि तोंडावर पाणी मारलं. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

तो परत येऊन स्टुलावर बसला. पडद्याकडे पाहू लागला. बापाचं काम त्याने इतक्या जवळून कधी पाहिलं नसावं. काळ्या कडेतून सोनेरी वेल निघत होती, आणि इरन्नाचा हात एक घर, दुसरं घर, तिसरं सोडून चौथं असा न अडखळता चालला होता.

"हे सगळं लक्षात ठेवून काढता?" त्याने विचारलं.

"मग काय वाचून?" इरन्ना म्हणाला.

या वेळी दोघेही हसले. भूषणमने खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"सर, मी भूषणम बोलतोय. ती वॉचमनची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. माझे वडील येत नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भूषणमने पडद्याकडे पाहिलं.

"नाही सर, आजारी नाहीत," तो म्हणाला. "कामावर आहेत."